फेस शील्ड

फेस शील्ड : कपाळापासून हनुवटीच्या खालपर्यंत चेहरा झाकणारा पारदर्शक पडदा. रुग्णाच्या खोकल्यातून किंवा घशात नळी घालताना उडणारे थेंब डोळे, नाक व तोंड यांवर पडू नयेत म्हणून वैद्यकीय कर्मचारी तो मास्कवरून लावतात. मराठीत ‘मुखढाल’, ‘मुखकवच’ हे प्रतिशब्द सुचतात. नागपुरात मात्र वॉर्डात आणि बाजारात ‘शिल्ड’च चालले. प्रस्तुत नोंद कोविड-१९च्या साथीत तंत्र-उद्योगांनी केलेल्या निर्मितीपुरती आहे.

रचना : कपाळपट्टी, तिला अडकवलेला प्लॅस्टिकचा पत्रा आणि मागचे इलॅस्टिक. पट्टीच्या आत बहुधा स्पंज असतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्च २०२०मध्ये घातलेल्या अटी मोजक्या होत्या : पत्रा स्वच्छ पारदर्शक असावा, त्यावर वाफ धरू नये, चेहऱ्याच्या बाजू झाकल्या जाव्यात आणि पट्टी कमीजास्त करता यावी.

उगम : वेल्डर व कातारी यांच्या ढाली जुन्याच. वादाचा विषय आहे तो २०२०च्या त्रिमिती-मुद्रित (थ्रीडी प्रिंटरवर बनवलेल्या) कपाळपट्टीचा : ती प्रथम प्रागची की स्वीडनची. मार्च २०२०मध्ये प्राग येथील प्रुसा रिसर्च या त्रिमिती मुद्रक बनवणाऱ्या कंपनीने आपला आराखडा सर्वांसाठी खुला केला आणि नंतर त्याच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. त्याच सुमारास स्वीडनमधील थ्रीडीव्हर्कस्टान या संस्थेचा आराखडा आला. त्यात ए-४ आकाराचा पत्रा कार्यालयातल्या साध्या पंचने भोके पाडून पट्टीच्या खुंट्यांवर बसवता येई. दोन्ही आराखडे फुकट उतरवून घेता येत आणि ज्याने त्याने त्यांत फेरफार केले. त्यामुळे हाती आलेली पट्टी मूळ कोणाची, हे नावावरून ठरत नाही. खुंट्यांमधील अंतर ही त्यातल्या त्यात भरवशाची खूण. नेहमीच्या पंचच्या दोन भोकांत ८० मिमी अंतर असते; खुंट्या त्या मापाच्या असतील तर पट्टीचा वंश स्वीडिश मानणे अधिक सयुक्तिक. प्रागच्या बाजूने दिला जाणारा अग्रक्रम बव्हंशी प्रसिद्धीवर उभा आहे, असे नोंदकाराचे मत आहे.

तंत्र-उद्योगांचा सहभाग : कोणत्या कंपनीने काय बनवले, हे रुग्णालयांच्या निकडीपेक्षा तिच्याकडच्या यंत्रांवर अधिक ठरलेले दिसते. शार्पने जपानच्या मिए प्रांतातील ताकी येथे, एलसीडी पडदे जिथे बनत त्या कारखान्याच्या धूळमुक्त खोल्यांत मार्च २०२०च्या अखेरीस मास्क सुरू केले. एप्रिलमध्ये ऑनलाइन विक्री उघडताच संकेतस्थळ कोलमडले. ॲपलची शील्ड सपाट घडीत, एका खोक्यात शंभर अशी जाई आणि दोन मिनिटांच्या आत जोडता येई. भारतात महिंद्रने कांदिवलीच्या कारखान्यात, तर मुंबईच्या मेकर्स असायलम या हौशी कारागिरांच्या सामायिक कार्यशाळेने एम-१९ या नावाखाली ४२ शहरा-गावांतून ४९ दिवसांत दहा लाख शील्ड केल्या.

अंगभर घालायचा संरक्षक पोशाख मात्र शील्डसारखा कोणालाही करता येण्याजोगा नव्हता. त्याच्या शिवणीतून रक्त झिरपू नये म्हणून वर सीलिंग टेप लागते आणि तिचाच तुटवडा होता. कापडाची कृत्रिम रक्ताने चाचणी घेण्याची सोयही सुरुवातीला मुख्यतः कोइम्बतूरच्या सिट्रा या वस्त्रसंशोधन संस्थेत होती. एन-९५च्या गाळणकापडाला तर वेगळीच यंत्रे लागतात. शील्ड सर्वांनी केली, कारण ती सर्वांना करता येत होती.

नागपूर : शहरात पहिला रुग्ण ११ मार्च २०२० रोजी आढळला. मिहान या विमानतळालगतच्या उद्योगक्षेत्रातील माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांचे काम सॉफ्टवेअरचे. तेथे साचा नाही, लेथ नाही. हिंगणा व बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहती टाळेबंदीत अडकल्या. त्यामुळे त्रिमिती मुद्रक आणि लेझर-कटर ज्यांच्याजवळ होते, त्यांच्याच हाती हे काम राहिले. मुद्रकावर एका पट्टीला तासन् तास लागतात. स्पंजची पट्टी, ओएचपीचा (प्रोजेक्टरवर ठेवायचा पारदर्शक) पत्रा व इलॅस्टिक स्टेपल केलेली शील्ड काही मिनिटांत होते. संख्येत दुसरा प्रकार जिंकणार, हे उघड होते.

उष्णतेचा प्रश्न : युरोपातल्या आराखड्यांनी नागपूरचा मे महिना धरलेला नव्हता. मुद्रकात सर्रास वापरला जाणारा पीएलए हा प्लॅस्टिकचा धागा सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतो. बाहेर पारा ४५च्या पुढे असताना काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत, काचेखालच्या डॅशबोर्डवर, हे तापमान सहज गाठले जाते. नोंदकाराजवळच्या एका पट्टीची कमान अशीच एका दुपारी उघडून जवळजवळ सरळ झाली. खुंट्या शाबूत, पण कपाळाला ती पुन्हा कधी बसली नाही. पीईटीजी हा धागा सुमारे ८० अंशांपर्यंत तग धरतो, म्हणून येथे तोच योग्य. पोशाखाच्या आत घामाने निथळणाऱ्या माणसाच्या शील्डवर चढणारी वाफ मात्र कोणत्याही धाग्याने हटत नाही.

उपयुक्तता : २०१४मधील एका प्रयोगात यांत्रिक खोकल्याचे मोठे थेंब शील्डने ९६ टक्के अडवले, बारीक थेंबांना ती कमी पुरली. जपानच्या फुगाकू महासंगणकावरील २०२०च्या संगणकीय प्रतिरूपणात (सिम्युलेशन) सूक्ष्म कण तिच्या कडांवरून जवळजवळ सगळे निसटले. नुसती शील्ड लावून, मास्क न घालता हिंडणे म्हणूनच व्यर्थ. दुचाकीवर ती वाऱ्याने वर उचलली जाई; उन्हासाठी तोंडाला दुपट्टा बांधायची नागपूरकरांची जुनी सवय त्या मानाने कामाची ठरली.

विल्हेवाट : केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साथीच्या काळातील सूचनांनुसार वापरलेला मास्क पिवळ्या पिशवीत, तर शील्ड व गॉगल लाल पिशवीत जात. पीएलए विघटनशील असला तरी त्यापासून बनवलेल्या पट्टीलाही हाच नियम लागू होता.