थकलेला घरहप्ता आणि १ मार्च २०२०: सीमाभागातील कर्जपुनर्रचनेची पार्श्वभूमी

गृहकर्जाच्या संदर्भात ‘पुनर्रचना’ हा शब्द बेळगाव, खानापूर, निपाणीच्या पट्ट्यात घरोघरी पोहोचला तो २०२० साली. त्याआधी हप्ते थकले की माणूस पतपुरवठा सोसायटीच्या एखाद्या संचालकाला गाठून खाते ‘नवे-जुने’ करून घेत असे. म्हणजे नव्या कर्जातून जुने फिटल्याचे दाखवले जाई, थकलेले व्याज मुद्दलात मिसळे आणि कागद पुन्हा स्वच्छ दिसू लागे. दुष्काळात किंवा पुरात रीतसर मुदतवाढ मिळे ती प्रामुख्याने पीककर्जाला.

२००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांच्या हाती वेगळे साधन आले. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकून खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, ठरले की ६० दिवसांची नोटीस, आणि त्यानंतर दिवाणी दावा न लावता तारण घराचा ताबा. सहकारी बँकांना हा कायदा वापरता येतो का, हा वाद पुढे बरीच वर्षे चालला आणि ५ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो बँकांच्या बाजूने मिटवला. प्रकरण निपाणीच्या शेजारच्या कागल तालुक्यातील एका सहकारी बँकेचे होते. टाळेबंदीत घरी बसलेल्या सीमाभागातील किती कर्जदारांनी त्या दिवशी ही बातमी वाचली असेल, कोण जाणे.

टाळेबंदीत जे घडले ते समजण्यासाठी मात्र ऑगस्ट २०१९ मध्ये जावे लागते. त्या महिन्यात कृष्णा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, मलप्रभा आणि मार्कंडेय या नद्यांनी बेळगाव जिल्ह्याचा मोठा भाग पाण्याखाली घातला. विणकरांच्या वस्त्यांत पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत संसार अशी घरे असतात. अशा घरात पाणी शिरले की कमाईचे साधन आणि कर्जाचे तारण एकाच रात्रीत भिजते. पूर्ण पडलेल्या घरासाठी कर्नाटक सरकारने पाच लाख रुपये जाहीर केले, पण ती मदत नव्या बांधकामाच्या टप्प्याटप्प्याने मिळायची होती आणि जुन्या घरावरचे कर्ज जिथल्या तिथे राहिले. ज्यांची घडी विस्कटली, त्यांचे हप्ते २०२० च्या आधीच मागे पडू लागले होते.

६ ऑगस्ट २०२० रोजी बँकांच्या नियामकाने, म्हणजे रिझर्व्ह बँकेने, कोविडग्रस्त कर्जदारांसाठी पुनर्रचनेची चौकट जाहीर केली. एरवी पुनर्रचना केली की खात्याचा दर्जा लगेच खाली येतो. या चौकटीत तो टिकणार होता, आणि मुदत दोन वर्षांपर्यंत वाढवता येणार होती. अट अशी की १ मार्च २०२० रोजी खात्यावरील थकबाकी ३० दिवसांहून अधिक जुनी नसावी. साथीने अडचणीत आलेला आणि आधीपासूनच अडचणीत असलेला, यांत भेद करण्यासाठी ही रेषा आखली होती, आणि बँकांच्या ताळेबंदाच्या दृष्टीने तिच्यात तर्क होता हे मान्य करावे लागेल. परंतु पुराने पडलेला माणूस साथीने पुन्हा पडू शकतो, ही शक्यता तिच्यात धरलेली नव्हती. दिल्ली-मुंबईत बसून आखलेली तारीख सात महिन्यांपूर्वीच्या पुराची गाठ सोडवू शकली नाही, असेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पुढच्या वर्षी हाच प्रकार दुसऱ्या तारखेने घडला. ३ सप्टेंबर २०२० च्या अंतरिम आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने, ३१ ऑगस्टपर्यंत एनपीए न झालेली खाती तशी जाहीर करण्यास मनाई केली होती. ती मनाई २३ मार्च २०२१ च्या निकालाने उठली आणि झाकलेली थकबाकी उघडी पडली. ५ मे २०२१ रोजी दुसरी चौकट आली. तिच्यात ३० दिवसांची अट नव्हती, पण खाते ३१ मार्च २०२१ रोजी नियमित वर्गात, म्हणजे एनपीए नसलेले, असणे आवश्यक होते. मनाई उठल्यापासून त्या तारखेपर्यंत आठ दिवसांचे अंतर होते, म्हणजे उघड्या पडलेल्या खात्यांना नियमित व्हायला तेवढाच वेळ. जुलै २०२१ मध्ये निपाणी-चिकोडीकडे पुन्हा पूर आला.

याच काळात ‘माफी’ या शब्दाने मोठा घोटाळा केला. मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांची हप्ता स्थगिती अनेकांनी हप्ता माफी समजून घेतली. समजा, २० लाखांचे नवे कर्ज, ८ टक्के व्याज, २० वर्षांची मुदत आणि १६,७२९ रुपयांचा हप्ता आहे. सहा हप्ते न भरल्याने मुद्दल सुमारे २० लाख ८१ हजारांवर जाते आणि हप्ता तोच ठेवला तर २४० ऐवजी जवळपास २६६ हप्ते भरावे लागतात. सरकारने पुढे परत केलेले ‘व्याजावरचे व्याज’ या उदाहरणात साधारण साडेतेराशे रुपये भरते. चहाच्या टपरीवर ‘व्याज माफ झालं’ असे ऐकून आलेल्या माणसाला हे गणित पासबुक हातात घेऊनही पटत नसे.

नंतर २०२२-२३ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला आणि हप्ता न वाढवता परस्पर मुदत वाढवण्याची पद्धत इतकी बोकाळली की ऑगस्ट २०२३ मध्ये नियामकाला, हप्ता वाढवायचा की मुदत, ही निवड कर्जदाराला द्या, असे बँकांना सांगावे लागले.

या साऱ्या चौकटी बँका आणि वित्तकंपन्यांपुरत्या होत्या, पतपुरवठा सोसायट्यांना त्या लागू नव्हत्या. शेतजमिनीत पाडलेला, नोंदणीकृत खरेदीखताविना नुसत्या बाँड पेपरवर घेतलेला प्लॉट मोठी बँक तारण म्हणून घेत नाही, त्यामुळे असे घर बांधणारा सोसायटीकडेच जातो आणि थकल्यावर त्याच्यासाठी ‘नवे-जुने’ एवढीच पुनर्रचना उरते. फेब्रुवारी २०२५ मध्ये सक्तीच्या वसुलीविरुद्ध कर्नाटकाने काढलेला अध्यादेश मात्र नियामकाकडे नोंदणी असलेल्या बँका व वित्तकंपन्यांना लागू नव्हता.

बँकेच्या कर्जदाराला ६० दिवसांच्या नोटिशीवर लेखी म्हणणे मांडता येते आणि बँकेने १५ दिवसांत सकारण उत्तर देणे बंधनकारक आहे. मात्र त्या उत्तराविरुद्ध अपील करता येत नाही. ताब्याचे पाऊल उचलले गेल्यावरच ४५ दिवसांच्या आत दाद मागता येते, आणि ती बेंगळूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, बेळगावपासून सुमारे पाचशे किलोमीटरवर.