घोटा मोडला, पण ढळला का?

पायरी चुकते, पाऊल आत वळतं, कट्‌कन आवाज येतो आणि बघता बघता घोटा टम्म सुजतो. मग कोणीतरी हमखास विचारतं, "बोटं हलतात ना? मग मोडलेलं नाही." या परीक्षेला काही अर्थ नाही. बोटं हलवणारे स्नायू पोटरीत आणि पावलात असतात, त्यामुळे घोट्याचं हाड मोडलं तरी बोटं हलू शकतात.

याहून भरवशाची कसोटी कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी 1992 मध्ये मांडली. घोट्याच्या दोन्ही बाजूंना हाडाचे उंचवटे हाताला लागतात. त्यांच्या टोकावर, किंवा तिथून वर 6 सेंटिमीटरपर्यंत मागच्या कडेवर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढायचा. पाय मुरगळल्यावर लगेच आणि पुढे तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता येत नसतील, तरीही काढायचा. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर मात्र या कसोटीवर विसंबू नये. दुखायलाच हवं ते तिथे दुखत नाही.

आतला उंचवटा नडगीच्या जाड हाडाचा, बाहेरचा तिच्या शेजारच्या बारीक हाडाचा. ही दोन हाडं मिळून एक खाच तयार करतात आणि पावलाचं वरचं हाड, म्हणजे टॅलस, सुताराच्या पक्क्या सांध्यासारखं त्या खाचेत बसतं. बारीक हाड शरीराचं वजन फारसं पेलत नाही, पण खाचेची बाहेरची भिंत तेच. ती भिंत सरकली की टॅलसही तिच्या मागे सरकतं.

किती सरकलं तर बिघडतं? 1976 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात टॅलस फक्त 1 मिलिमीटर बाहेर सरकवल्यावर सांध्यात हाडांचा एकमेकांना टेकणारा भाग सरासरी 42 टक्क्यांनी घटला. तेवढंच वजन कमी जागेवर आलं की कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, झिजते. गुडघ्याची झीज बहुतेकदा वयासोबत येते. घोट्याची बहुतेकदा जुन्या दुखापतीतून.

म्हणून हाड जुळेल का, या काळजीपेक्षा मला दुसरा प्रश्न मोलाचा वाटतो: सांधा जागेवर आहे का? फक्त बाहेरचं हाड मोडलंय आणि टॅलस जागचं हललं नाही, तर प्लॅस्टर किंवा आधाराचा बूट पुरतो, आणि पुष्कळदा लवकरच पाय टेकवूही देतात. आतलं हाडही मोडलं किंवा आतलं लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारा चिवट पट्टा, फाटलं, की सांधा डळमळतो. झोपवून काढलेल्या एक्स-रेत हे कधीकधी दिसतच नाही, म्हणून सांध्यावर ताण देऊन किंवा उभं करून पुन्हा फोटो काढतात. घोटा दुखत असताना डॉक्टर गुडघ्याखाली का दाबून बघतात, याचं उत्तरही इथेच आहे. पीळ वर चढत जाऊन बारीक हाड कधीकधी थेट गुडघ्याजवळ मोडतं, आणि घोट्याच्या फोटोत ते येत नाही.

डळमळणारा सांधा बहुधा प्लेट आणि स्क्रूने बसवावा लागतो. सांधा निखळला असेल तर तो लगेच ओढून जागेवर आणतात, पण ऑपरेशन कधीकधी आठवडाभर किंवा त्याहून जास्त थांबतं. नातेवाइकांना हा वेळकाढूपणा वाटतो. खरं तर सुजेने ताणलेल्या, फोड आलेल्या कातडीवर चिरा दिला तर जखम नीट भरत नाही. सूज उतरून कातडीवर पुन्हा सुरकुत्या दिसू लागल्या की सर्जन पुढे जातात.

हाड जुळायला साधारण 6 आठवडे लागतात. धूम्रपान करणाऱ्यांना आणि मधुमेहींना जास्त. या काळात प्लॅस्टरच्या आत दुखणं वाढत चाललं, बोटं बधिर किंवा निळसर झाली, पोटरी दुखून सुजली किंवा धाप लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता तातडीने रुग्णालय गाठावं. पोटरीत झालेली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊ शकते.

प्लॅस्टर निघालं की पोटरी बारीक झालेली असते आणि पाऊल वर उचलताना घोटा अडतो. इथे व्यायामाला पर्याय नाही. संध्याकाळची सूज काही महिने राहते, तिची धास्ती घेऊ नये. उजव्या घोट्याचं ऑपरेशन झालेल्यांचा ब्रेक दाबण्याचा वेग पूर्ववत व्हायला सुमारे 9 आठवडे लागतात, असं अभ्यासात दिसलंय. तोवर गाडी दुसऱ्याने चालवावी. प्लेट टोचत नसेल, बुटाला घासत नसेल, तर ती आयुष्यभर आत राहिली तरी चालते.