आभासी वास्तवाचे व्यावसायिक उपयोग

संगणकाने उभ्या केलेल्या त्रिमितीय जगात आपण प्रत्यक्ष वावरत आहोत असा अनुभव देणारे तंत्र म्हणजे आभासी वास्तव, बोलण्यात ‘व्हीआर’. १९६८ साली संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर बसवायचा त्रिमितीय पडदा तयार केला. त्याचा भार छताला टांगून पेलावा लागे. करमणुकीसाठी हे तंत्र घरोघरी पोचले, पण त्याचे खरे मोल कळते ते जिथे चूक परवडत नाही किंवा सराव करायला खरी जागाच मिळत नाही तिथे. १९९३ मध्ये अंतराळातील हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीआधी नासाच्या चमूने असा सराव केला होता.

शस्त्रक्रियेच्या शिक्षणात २००२ साली प्रसिद्ध झालेला येल विद्यापीठातील प्रयोग महत्त्वाचा मानला जातो. त्यात १६ निवासी डॉक्टर होते. ज्यांनी आधी आभासी सराव केला, त्यांनी दुर्बिणीतून पित्ताशय यकृतापासून सोडवण्याचे काम २९ टक्के कमी वेळात केले. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलताच भाग भाजण्याची शक्यता पाचपट होती. डोक्यावर हेडसेटही नव्हता. पडदा आणि हत्यारांच्या मुठी एवढ्यावर हे साधले.

सर्वांत हृद्य उपयोग भाजलेल्या रुग्णांसाठी झाला. ड्रेसिंग बदलताना वेदनाशामके देऊनही असह्य कळा येतात. अमेरिकेतील सिअॅटल येथे मानसशास्त्रज्ञ हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी अशा रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ हे बर्फाळ दरीचे जग वापरले. रुग्ण दरीतून तरंगत जातो, बर्फाच्या पुतळ्यांवर बर्फाचे गोळे फेकतो. वेदना जाणवायलाही लक्ष लागते, आणि ते लक्षच इथे दुसरीकडे गुंतते. हे औषधाला पर्याय नाही, जोड आहे.

मानसोपचारात बार्बरा रॉथबॉम आणि लॅरी हॉजेस यांनी १९९५ मध्ये उंचीची भीती असलेल्यांना आभासी गच्च्या, पूल आणि काचेची लिफ्ट दाखवली. भीतीला थोडेथोडे सामोरे जाण्याची ही जुनीच पद्धत, फक्त आता दवाखान्यातल्या खोलीत शक्य झालेली. पुढे व्हिएतनाम युद्धातील माजी सैनिकांवरही तिचा प्रयोग झाला.

मर्यादाही आहेत. डोळ्यांना हालचाल दिसते, पण अंतर्कर्णातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला ती जाणवत नाही, म्हणून काहींना मळमळते. स्पर्शाची बाजूही लंगडी आहे: ऊती किती ताणली की फाटेल, हा हाताला लागणारा अंदाज यंत्रातून पुरता उतरत नाही.