टायर बदलायचा की अजून चालेल?

सायकल ढकलत दुकानापर्यंत आलेला माणूस बहुधा एकच वाक्य बोलतो: "टायर गेला." चाक उघडून पाहिलं की बरेचदा टायर ठणठणीत असतो, गेलेली असते ती ट्यूब. कधी तर ट्यूबही धड असते आणि जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमधली रबरी नळी, म्हणजे आपली वॉलट्यूब, तेवढी सडलेली असते. रात्री हवा भरून ठेवली, सकाळी चाक बसलेलं, अशी तक्रार असेल तर आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा एक थेंब लावून बघा. बुडबुडा आला तर वॉलट्यूब बदला. आमच्याकडचं हे सगळ्यात स्वस्त काम आहे आणि ते घरीही होतं.

ट्यूबचं काय करायचं

खिळा, काच, बाभळीचा काटा, नदीकाठच्या कच्च्या रस्त्यावरचे सराटे यांनी पडलेलं बारीक भोक पॅच लावून मिटतं. एका ट्यूबला किती पॅच चालतात, असं पुष्कळ जण विचारतात. नीट चिकटलेले असले आणि एकावर एक चढलेले नसले तर तसा आकडा नाही. मात्र व्हॉल्व्हच्या बुडाशी चीर गेली असेल तर तिथे पॅच टिकत नाही, नवी ट्यूबच घ्यावी लागते. हवा कमी असताना खड्ड्यात आपटल्यावर शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. त्या पॅचने मिटतात, पण हवा कमीच ठेवलीत तर पुन्हा पडतात.

सोल्यूशन लावल्या लावल्या पॅच चिकटवला तर तो दोन दिवसांत सुटतो. ट्यूब पॉलिश पेपरने खरवडायची, सोल्यूशन पातळ पसरायचं आणि चार-पाच मिनिटं वाळू द्यायचं. तेवढा वेळ आम्ही घेतोच. गडबडीच्या वेळी आलात तर समोर चहा मिळतो.

एकाच चाकाचं पंक्चर आठवड्यात तीनदा

मागे एक कॉलेजचा मुलगा अशीच सायकल घेऊन आला. तीन वेळा पंक्चर काढून झालं होतं, तरी चाक बसत होतं, आणि त्याची खात्री झाली होती की टायर बदलायला हवा. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात धरली तर तिन्ही पॅच बोटभर अंतराच्या आत आणि चौथं भोक त्यांच्याच शेजारी. मग टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवला. एका जागी कापूस अडकला. बाभळीच्या काट्याचं टोक रबरात रुतून बसलेलं होतं, बाहेरून दिसत नव्हतं, बोटालाही लागत नव्हतं, हवा भरून वजन आलं की तेवढं आत यायचं. चिमट्याने ते काढलं. तोच टायर त्याने पुढे वर्षभर वापरला.

म्हणून आम्ही टायर चढवताना त्याच्यावरचं नाव व्हॉल्व्हच्या समोर आणतो. भोक व्हॉल्व्हपासून किती वितीवर आहे ते मोजलं की टायरमधली जागा लगेच सापडते. भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला, रिमकडे असेल तर टायरचा काही संबंध नाही. रिमची पट्टी सरकलेली असते किंवा एखाद्या तारेचं टोक वर आलेलं असतं.

आता टायर

टायरला जखम किती मोठी आहे यापेक्षा ती कुठे आहे, हे आम्ही आधी बघतो.

रस्त्याला टेकणाऱ्या भागावर काप असेल आणि आतले दोरे शाबूत असतील तर काहीच करायला नको. काच राहिली असेल ती काढा आणि चालवा. दोरे तुटलेत पण काप करंगळीच्या नखाहून लहान आहे, अशा वेळी आम्ही आतून गेटर टाकतो, म्हणजे जुन्या टायरचा पातळ तुकडा. चाक फिरताना त्या जागी किंचित उंचवटा जाणवेल, पण टायर रोजच्या कामाला येतो. रस्त्यातच अडकलात तर बिस्किटाच्या पुड्याचा कागद किंवा दहाची नोट घडी करून आत घाला, हवा थोडी कमी भरा आणि सावकाश घरी या. हा उपाय घरी पोहोचण्यापुरताच आहे. तीच नोट आत ठेवून महिनाभर चालवलेल्या सायकली आम्ही पाहिल्या आहेत.

कडेला, म्हणजे पातळ बाजूला, काप गेला असेल तर टायर बदला. तिथे रबर नावापुरतं असतं, सगळा ताण दोऱ्यांवर असतो, आणि गेटर टाकला तरी काही दिवसांत ट्यूबचा फुगा बाहेर डोकावतो. रिममध्ये बसणाऱ्या कडेची तार तुटली किंवा बाहेर आली असेल तर त्याच दिवशी बदला. असा टायर हवा भरतानाही उडू शकतो. त्यात हवा भरायला आम्हाला सांगू नका, आम्ही भरणार नाही.

फुगवटा दिसला तरी लगेच खिशात हात घालू नका. टायर रिममध्ये नीट बसला नसेल तरीही चाक फिरताना उडी मारतं. रिमला लागून टायरवर एक बारीक रेघ असते. ती सगळीकडे सारख्या उंचीवर आहे का पाहा. एका जागी आत गेली असेल तर हवा सोडून टायर पुन्हा बसवला की काम झालं. रेघ सरळ असून फुगवटा राहिला तर आतले दोरे तुटलेत, टायर बदला.

झिजेचं म्हणाल तर मागचा टायर आधी जातो, कारण वजन आणि पेडलचा जोर दोन्ही त्याच्यावर. त्याचा मधला भाग सपाट होतो, मग दोरे दिसू लागतात. दोरे दिसले की थांबू नका. नवा टायर मात्र आम्ही पुढे बसवायला सांगतो आणि पुढचा मागे टाकतो. यावर दुकानात वाद होतात. पण मागचा टायर फुटला तर सायकल बहुधा सावरता येते. पुढचा फुटला, तोही सिंहगडाच्या उतारावर, तर माणूस तोंडावर पडतो. कामाची मजुरी थोडी वाढते, ती द्यावी.

"सव्वीसचा द्या"

एवढ्यावर टायर देता येत नाही. 26×1⅜ आणि 26×1.95 हे दोन्ही सव्वीसच, पण एक दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. टायरच्या कडेवर बारीक अक्षरात दुसरा आकडा असतो. पहिल्यावर 37-590 असतो, दुसऱ्यावर साधारण 50-559. डॅशनंतरचा आकडा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. जुन्या काळ्या सायकलीचा 28×1½ हा 635 आणि हल्लीच्या हायब्रिडचा 700सी हा 622. तेरा मिलिमीटरचा फरक पान्याने ठोकून भरून निघत नाही. आकड्याचा फोटो काढून आणा, किंवा चाकच घेऊन या.

हवेचा आकडाही तिथेच लिहिलेला असतो. पेट्रोल पंपावरची नळी मोटारीच्या चाकासाठी असते. सायकलची ट्यूब एवढीशी, ती डोळ्याची पापणी लवते न लवते तोच फुटते. पायपंप आमच्या दाराशी बांधलेला आहे, फुकट आहे. दुकान बंद असतानाही वापरा, फक्त साखळी सोडू नका.

कामाचे दर फळ्यावर लिहिलेले आहेत. बदललेला जुना टायर नको असेल तर इथेच ठेवून जा. त्याची कड धड असेल तर तिचे आम्ही गेटर कापतो.