पाण्याने जोडलेल्या पेठा

पुणेकर फटकळ, दुकानं एक ते चार बंद, दारोदारी पाट्या. बाहेर पुण्याचं नाव असं झालं आहे. पण पेठांमधला शेजार समजून घ्यायचा तर सुरुवात पाण्यापासून करावी लागते.

अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत आणलं. दहा-एक किलोमीटरचं अंतर, आणि सगळी भिस्त जमिनीच्या उतारावर. जमिनीखालून दगडविटांचा नळ गेला, वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले. उच्छ्वासातून नळात कोंडलेली हवा निघून जाते आणि गाळ तळाशी बसतो. तो वेळेवर उपसला नाही, तर खालच्या हौदांची धार बारीक होत जाते. पेठेपेठेत हौद झाले आणि माणसं रोज तिथे भेटू लागली.

सगळी माणसं मात्र नाही. अस्पृश्य मानलेल्यांना हौद बंदच होते. जोतीराव फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. पुढे त्यांचे सहकारी डॉ. विश्राम घोले यांनी लेकीच्या आठवणीत बांधलेला बाहुलीचा हौदही सर्वांसाठी होता. पेठांचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही.

मग घरोघरी नव्हे, वाड्यावाड्यात नळ आला. चौकातला एक नळ, एक मोरी, सामाईक संडास आणि कितीतरी बिऱ्हाडं. हंड्याची पाळी, पाण्याची वेळ, चौक झाडायचा वार, सगळं ठरवून घ्यावं लागे. पाटी लिहायची सवय इथेच मुरली असावी, असं आम्हाला वाटतं. भांडण टाळायचा तो सरळ उपाय होता.

1947 च्या भाडे कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूंना आधार मिळाला, पण मालकाला डागडुजी परवडेना. कौल सरकलं की पाणी मातीच्या भिंतीत मुरतं. तुळईचं भिंतीत गाडलेलं टोक आधी कुजतं, वरून काहीच कळत नाही, आणि एखाद्या पावसाळ्यात भिंत बसते.

12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही. नदीकाठच्या पेठांतले मातीचे वाडे भिजून कोसळले. शहराचं पाणी खडकवासल्याचंच, त्यामुळे नळ कोरडे पडले आणि लोक पुन्हा वाड्यांतल्या आडांवर नि जुन्या हौदांवर हंडे घेऊन गेले.