बालिकबायन बॉक्स

परदेशी राहणाऱ्या फिलिपिनो माणसाने मायदेशी घरच्यांना पाठवलेला, भेटवस्तूंनी आणि रोजच्या वापरातल्या सामानाने गच्च भरलेला पुठ्ठ्याचा मोठा खोका. टागालोग भाषेत ‘बालिक’ म्हणजे परत येणे आणि ‘बायन’ म्हणजे गाव किंवा देश. म्हणून ‘बालिकबायन’ म्हणजे मायदेशी परतलेला माणूस. प्रत्यक्षात बहुतेक वेळा खोका घरी पोचतो आणि माणूस कामावरच राहतो. आई किंवा बाप परदेशात आणि मुले आजीकडे, अशी लाखो घरे फिलिपिन्समध्ये आहेत. त्या घरांत हा खोका म्हणजे आईबापांनी दुरून निभावलेले पालकपण असते. प्रस्तुत नोंदीत त्याचा विचार मुख्यतः याच अंगाने केला आहे.

‘बालिकबायन’ हा शब्द रूढ झाला तो सरकारी योजनेमुळे. फर्डिनांड मार्कोस यांच्या सरकारने १९७३ मध्ये परदेशस्थ फिलिपिनोंनी सुट्टीला मायदेशी यावे म्हणून सवलतींचा एक कार्यक्रम सुरू केला आणि त्याला हे नाव दिले. पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, नवा कामगार कायदा आला आणि परदेशी नोकरीला माणसे पाठवणे हे सरकारी धोरणच झाले. तेलाच्या पैशावर आखाती देशांत बांधकामे निघाली होती; तिकडे आधी पुरुष गेले. १९८० नंतर हाँगकाँग, सिंगापूर, इटली आणि आखाती देशांत घरकामाला आणि रुग्णसेवेला स्त्रिया मोठ्या संख्येने जाऊ लागल्या. सरकारच्याच अंदाजानुसार २०१३ मध्ये सुमारे १ कोटी फिलिपिनो देशाबाहेर होते. सुट्टीला येणारे लोक विमानात सूटकेसऐवजी दोरीने बांधलेले खोके घेऊन येत. पुढे हेच खोके जहाजाने थेट घरपोच पाठवणाऱ्या कंपन्या निघाल्या. वजनावर नव्हे, आकारावर भाडे, हा त्यांचा नियम. खोका बऱ्याचदा साधारण २४ इंच लांब, १८ इंच रुंद आणि २४ इंच उंच असतो. त्यात मावेल तितके भरावे, भाडे तेवढेच.

या एका नियमातून खोका भरण्याची कलाच तयार झाली. रिकामी जागा म्हणजे वाया गेलेले भाडे. तळाला हवाबंद डबे: कॉर्न्ड बीफ, स्पॅम नावाचे डबाबंद मांस, दुधाची पावडर. त्यांच्यामध्ये टॉवेल, म्हणजे डबे एकमेकांवर आपटत नाहीत. कपडे गुंडाळून कडेने लावायचे. शाम्पू आणि लोशनच्या बाटल्यांची झाकणे चिकटपट्टीने गुंडाळून पिशवीत घालायची, कारण दीड महिन्याच्या प्रवासात एक बाटली फुटली की सगळे चॉकलेट साबणाच्या चवीचे होते. बुटांच्या पोटात मोजे, मोज्यांच्या पोटात टूथपेस्टच्या ट्यूबा, आणि उरलेल्या फटींत मूठमूठ गोळ्या-चॉकलेटे. शेवटी कुणाला तरी झाकणावर बसवून वरून टेप मारायची, एकदा नव्हे, चारचारदा. चारही बाजूंना मार्करने ठळक अक्षरांत नाव आणि पत्ता. हे सामान एका दिवसात घेतलेले नसते. खोका महिनोन्‌महिने पलंगाच्या पायथ्याशी उघडा पडून असतो. दुकानात सवलत लागली की साबणाच्या चार वड्या, पगाराच्या आठवड्यात एक स्कूलबॅग, असा तो हळूहळू भरत जातो. कामावरून दमून आलेल्या माणसाला रोज रात्री तो समोर दिसतो, आणि घर अजून किती भरायचे राहिले आहे हेही दिसते.

हाँगकाँगमध्ये हे सारे उघड्यावर पाहायला मिळते. तिथे सुमारे २ लाख फिलिपिनो घरकामगार आहेत, त्यांतल्या बहुसंख्य स्त्रिया आहेत. नियमाप्रमाणे त्यांना मालकाच्याच घरात राहावे लागते. करार दोन वर्षांचा आणि दर सात दिवसांत एक सुट्टी. ज्या घरात आठवडाभर दुसऱ्याच्या मुलांना न्हाऊमाखू घालायचे, त्याच घरात स्वतःची स्वतंत्र खोली बऱ्याच जणींना मिळत नाही. त्यामुळे रविवारी त्या शहराच्या मध्यभागी, सेंट्रल भागात येतात. चेटर रोड त्या दिवशी वाहनांना बंद असतो. रस्त्यावर, स्टॅच्यू स्क्वेअरमध्ये, एचएसबीसी बँकेच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत पुठ्ठे अंथरून त्या बसतात. गावागावांचे, बोलीबोलींचे कोंडाळे ठरलेले असते. डब्यातला भात, आडोबो (व्हिनेगर घालून शिजवलेले मांस), पत्ते, एकमेकींची नखे रंगवणे, प्रार्थना. जवळच्या वर्ल्डवाइड हाऊस या इमारतीत पैसे पाठवायची काउंटरे आणि फिलिपिनो मालाची दुकाने यांची गर्दी असते. रस्त्याच्या कडेला खोके उघडे मांडून सामान लावणाऱ्या बायकाही दिसतात. ज्यांना घर म्हणायला चार भिंती नाहीत, त्यांनी आपले घर तिथे फुटपाथवर पुठ्ठ्यात बांधलेले असते.

पैसे तर दरमहा जातातच. २०२३ मध्ये परदेशस्थ फिलिपिनोंनी बँकांमार्फत सुमारे ३,३५० कोटी डॉलर मायदेशी पाठवले. मग साबण आणि डबाबंद मांस इतक्या दुरून कशाला, ते तर मनिलाच्या दुकानातही मिळते, असा प्रश्न बाहेरचा माणूस विचारतो. त्याचे उत्तर ‘पासालुबोंग’ या शब्दात आहे. गावाला किंवा परगावी गेलेल्या माणसाने परतताना घरच्यांसाठी आणायची वस्तू म्हणजे पासालुबोंग. मराठीत ‘खाऊ’ म्हटले की जे सगळे आठवते, बाजारातून आलेल्या आईच्या पिशवीत पोरांनी घातलेले हातसुद्धा, ते सगळे या शब्दात येते. पैसा विजेच्या बिलात आणि शाळेच्या फीत विरघळून जातो. खाऊ मात्र हातात येतो, आणि कुणासाठी कोणता हे आणणाऱ्याने ठरवलेले असते. म्हणून खोक्यात नावे घातलेल्या पिशव्या असतात. शेजारीण, चुलतभावंडे, मुलीची बाई, कुणालाच विसरून चालत नाही. विसरले तर ‘ताम्पो’ होतो, म्हणजे न बोलता धरलेला रुसवा.

बुटांच्या बाबतीत या व्यवहाराचे सगळे दुःख एकवटते. मुलाचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने कड आखायची आणि तो कागद परदेशी आईकडे पाठवायचा, अशी रीत अनेक घरांत होती. आई तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवते आणि दुकानात बुटाच्या तळव्याला लावून पाहते. पण कागद पोचायला लागलेले दिवस, सवलतीची वाट पाहण्यात गेलेले महिने आणि जहाजाचा प्रवास यांत पाय वाढतो. अमेरिकेहून खोका पोचायला दीड-दोन महिने सहज लागतात. दूरच्या बेटांवर आणखी. बूट घट्ट झाले की ते धाकट्याला जातात. जाणत्या आया एक नंबर मोठाच घेतात. तरीही ज्या मुलासाठी ही खरेदी असते ते मूल आईच्या मनातले असते, शेवटच्या सुट्टीत पाहिलेले.

मुलांच्या बाजूने पाहावे तर खोका येण्याचा दिवस सणासारखा असतो. कात्रीने टेप कापली की आतून एक वास येतो: साबण, कॉफी, चॉकलेट, नवे कापड यांचा मिळून झालेला. त्याला ‘आमोय स्टेटसाइड’, म्हणजे अमेरिकेचा वास, असे सर्रास म्हणतात. खूप मुलांच्या आठवणीत आईचा वास म्हणून तोच राहतो. घर चालवते ती लोला (आजी), मावशी किंवा ‘आते’. ही आपली आत्या नव्हे; आते म्हणजे थोरली बहीण, आणि आई गेलेल्या घरात लहान वयात आई होण्याची पाळी पुष्कळदा तिच्यावरच येते. बाप परदेशी गेला तर तो कमवायला गेला, आणि आई गेली तर तिने मुले टाकली, असा दुजाभाव फिलिपिन्समध्येही आहे. त्यामुळे आईच्या खोक्यावर समजावणीचे ओझे जास्त असते. हा दुजाभाव अन्यायाचा आहे. ज्या बायकांच्या पैशावर राज्यकारभार तरला, त्यांना १९८८ मध्ये हाँगकाँगच्या भेटीत राष्ट्राध्यक्षा कोराझोन अकिनो यांनी ‘नवे वीर’ म्हटले, पण त्यांच्या गावात त्यांच्याबद्दल कुजबूज चालूच राहिली.

१९७०-८० च्या दशकांत सौदी अरेबियातले बाप कॅसेटवर आवाज भरून पाठवत; नंतर फोनकार्ड आले, एसएमएस आले आणि आता व्हिडिओ कॉल. रोममध्ये दुपारचा एक वाजतो तेव्हा हिवाळ्यात मनिलात रात्रीचे आठ वाजलेले असतात. मालकिणीची भांडी घासताना फोन डब्याला टेकवून ठेवायचा आणि सात तास पुढे असलेल्या मुलीचा गृहपाठ ऐकायचा, असे तासन्‌तास चालते. पडद्यावर तोंड दिसू लागले तरी खोके थांबले नाहीत.

फिलिपिन्समध्ये नाताळचे वातावरण सप्टेंबरपासूनच सुरू होते, म्हणून खोका सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच निघावा लागतो. १६ डिसेंबरपासून नऊ पहाटे ‘सिम्बांग गाबी’ची प्रार्थना असते. परदेशी फिलिपिनो ती बऱ्याचदा संध्याकाळी करतात, कारण पहाटे कामावर जायचे असते. उलट दिशेने घरून ‘तुयो’ (सुकी मासळी), सुका आंबा आणि बागोओंग (मासळी किंवा कोळंबी खारवून केलेली चटणी) येते. परक्या शहरातल्या इमारतीत तुयो तळल्यावर शेजारी काय म्हणतील याची धास्ती कोकणी माणसाला वेगळी समजावून सांगायला नको. गोव्या-कोकणातले खलाशी आणि फिलिपिनो खलाशी कित्येक जहाजांवर बरोबर काम करतात; तिथे ही घरची ओढ दोघांची सारखीच.

खोक्यावर सरकारने हात घातला की लोक पेटून उठतात. ऑगस्ट २०१५ मध्ये सीमाशुल्क खात्याने खोके उघडून तपासण्याचे ठरवले, तेव्हा देशोदेशी इतका संताप झाला की राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अकिनो तिसरे यांना सरसकट तपासणी थांबवावी लागली. २०१६ च्या सीमाशुल्क कायद्याने करमुक्त मर्यादा १० हजार पेसोंवरून दीड लाख पेसोंवर नेली. वर्षातून तीनदा ही सवलत मिळते. अलीकडे वाहतूकदारांनी पैसे बुडवल्यामुळे मनिलाच्या बंदरात बेवारस पडलेले कंटेनर ही वेगळीच दुखरी गोष्ट आहे. त्यातला माल तर जातोच, शिवाय गेल्या वर्षीचे मोजे आणि स्कूलबॅगाही जातात, ज्या आता कुणालाच होणार नसतात.

रिकामा झालेला खोका टाकून देत नाहीत. त्यात जुने कपडे ठेवतात, पुस्तके ठेवतात, त्यावर इस्त्री करतात. आणि एखाद्या वर्षी परदेशातून असा खोका येतो की त्यात साबण नसतो, चॉकलेट नसते. वापरलेला राईस कुकर, हिवाळ्याचा कोट आणि मुलांचे फोटो असतात. नोकरी सोडून कायमचे परत येण्याला तिथले लोक ‘फॉर गुड’ म्हणतात. या खोक्यावर मार्करने लिहिलेले नाव पाठवणाऱ्याचेच असते.