बर्बनचा मॅश

मॅश म्हणजे दळलेलं धान्य गरम पाण्यात शिजवायचं, त्यात मोड आणून वाळवलेलं धान्य घालून सगळ्या स्टार्चची साखर करून घ्यायची आणि मग ती साखर यीस्टच्या हवाली करायची, की झालं. बर्बन व्हिस्कीत भट्टी लागायच्या आधीचं सगळं काम हेच. लोकांना तांब्याचा हंडा आणि आतून जाळलेलं ओकचं पिंप माहीत असतं कारण फोटो त्यांचेच निघतात, गंजातल्या, म्हणजे मोठ्या पातेल्यातल्या, पिवळ्या लापशीचा फोटो कोण काढणार, पण उतारा किती येणार हे जवळपास सगळं आणि चव कशी लागणार हेही बरंचसं ह्या आधीच्या चार-पाच दिवसांतच ठरून जातं.

विदर्भात, त्यातही गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा ह्या पट्ट्यात, मोहाचा सडवा, म्हणजे दारूसाठी आंबायला ठेवलेली मोहफुलं, काय असतो हे लहान पोरालाही माहीत असतं. त्यामुळे इकडच्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडतो की मोहफुलं पाण्यात भिजवून ठेवली की आठवड्यात काम होते तर मक्यासाठी एवढी शिजवाशिजव काहून. त्याचं उत्तर म्हणजे मोहफुलात साखर आयती असते, सुक्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच. मक्याच्या दाण्यात साखर नावापुरती, बाकी सगळा स्टार्च, आणि साधं यीस्ट स्टार्च खात नाही. मक्याचं पीठ नुसतं पाण्यात कालवून यीस्ट टाकलं तर दोन दिवसांत आंबूस वास येईल, फेसही दिसेल थोडा, पण दारू म्हणावी असं काही होणार नाही. आधी स्टार्च मोडायचा, मगच आंबवायचं.

बर्बन कशाला म्हणायचं

हे नाव अमेरिकेचं आहे आणि नियमही तिथलेच. मॅशमधल्या धान्यात किमान ५१ टक्के मका पाहिजे, गाळताना अल्कोहोल ८० टक्क्यांच्या वर जाता कामा नये, पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, पिंप नवं आणि आतून जाळलेलं ओकचं, बाटलीत किमान ४० टक्के. १९६४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने ठराव करून बर्बन हे अमेरिकेचं खास उत्पादन ठरवलं, म्हणजे बुलढाण्याचा मका वापरून हेच सगळं जसंच्या तसं कोणी केलं तरी त्याला मक्याची व्हिस्की म्हणता येईल, बर्बन नाही.

कुठलं धान्य किती ह्याला तिकडे मॅश बिल म्हणतात. सहसा मका ७० ते ७५ टक्के, राय (गव्हासारखंच एक धान्य) दहा-पंधरा, आणि बाकी जवाचा माल्ट, म्हणजे वर सांगितलेलं मोड आणून वाळवलेलं धान्य. मक्याने गोडवा येतो, रायने मिरीसारखा झणका. मेकर्स मार्क ह्या बर्बनवाले रायऐवजी गहू घालतात म्हणून ती मऊ लागते. फोर रोझेस ह्या दुसऱ्या बर्बनवाल्यांकडे दोन मॅश बिल आणि पाच जातींची यीस्ट, म्हणजे एकाच कारखान्यात दहा वेगवेगळ्या व्हिस्क्या. यीस्टवर एवढा भर देणारे थोडेच आहेत.

शिजवणं

स्टार्चचे कण कच्चे असतात तेव्हा घट्ट बंद असतात, एन्झाइमला, म्हणजे माल्टमधल्या स्टार्च मोडणाऱ्या पदार्थाला, आत शिरता येत नाही. पाण्यात तापवले की ते पाणी पितात, फुगतात आणि फुटतात. हे बघायचं असेल तर एप्रिल-मे मध्ये कुठल्याही वऱ्हाडी घरात कुरोड्यांचा चीक शिजताना बघा. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक उकळत्या पाण्यात ओतला की आधी तो पांढरा आणि पातळ असतो, बाई एका हाताने ओततेय आणि दुसऱ्या हाताने लाकडी दांड्याने हलवतेय, आणि मग दोन-चार मिनिटांत एकदम दांडा जड होतो, रंग पांढऱ्याचा काचेसारखा होतो आणि वर फदफद बुडबुडे यायला लागतात. मॅशच्या गंजात मका नेमकं हेच करतो, फक्त चीक गाळलेला असतो आणि इथे कोंड्यासकट सगळं आत असतं. हात थांबला की गाठी होतात, गाठीच्या आतलं पीठ कोरडंच राहतं आणि तेवढी साखर गेली. खाली लागलं तर त्याहून वाईट, करपलेला वास पुढे भट्टीतूनही येतो, तो काही केल्या जात नाही.

मक्याचा स्टार्च ६२ ते ७२ अंशांना फुगायला लागतो असं पुस्तकात असतं पण प्रत्यक्षात भरड दळलेला मका असेल तर ८५-९० अंशांच्या वर तासभर तरी ठेवावा लागतो, मोठ्या कारखान्यात उकळीपर्यंत किंवा प्रेशरखाली नेतात. पाण्याचं प्रमाण साधारण १ किलो धान्याला ४ लिटर. मका इतका घट्ट होतो की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं पाणी चुकलं, म्हणून जाणते लोक सुरुवातीलाच मूठभर माल्ट मक्यासोबत टाकतात, तेवढ्याने लापशी सैल राहते. राय आणि गहू कमी तापमानाला फुगतात म्हणून ते नंतर, गंज ७० च्या आसपास उतरला की. आणि मुख्य माल्ट सगळ्यात शेवटी.

माल्टची करामत

माल्ट म्हणजे धान्य भिजवून, चार-सहा दिवस मोड येऊ देऊन, मग कोमट हवेवर वाळवलेलं. दाणा उगवायला निघाला की स्वतःचा स्टार्च मोडायला एन्झाइम तयार करतो, आपण त्याला नेमकं त्याच वेळी वाळवून थांबवतो आणि ते एन्झाइम मक्याच्या कामाला लावतो. १८३३ मध्ये पायां आणि पेर्सो ह्या दोन फ्रेंच माणसांनी माल्टमधून हाच पदार्थ वेगळा काढला, नाव ठेवलं डायस्टेज, आणि शोध लागलेला पहिला एन्झाइम तो. आजही अपचन झालं म्हणून मेडिकलमधून आणलेल्या पाचक गोळ्यांच्या पाकिटावर फंगल डायस्टेज लिहिलेलं दिसतं. ती बुरशीवाली वाट ताकामिने जोकिची ह्या जपानी माणसाची. १८९० च्या दशकात तो इलिनॉयच्या पिओरियात माल्ट बाजूला ठेवून कोजी बुरशीने अमेरिकन व्हिस्की करायला गेला होता, ते जमलं नाही पण औषध जमलं.

माल्टमध्ये कामाचे एन्झाइम दोन. बीटा अमायलेज ५५ ते ६५ अंशांत खूष असतो आणि आंबणारी साखर मुख्यतः तो देतो. अल्फा अमायलेज ७० पर्यंत टिकतो आणि लांब साखळ्या मधूनच तोडतो. म्हणून गंज ६३-६५ वर आणून माल्ट घालतात आणि तास-दीड तास झाकून ठेवतात, कांबळं गुंडाळलं तरी चालतं. उकळत्या मक्यात माल्ट टाकला तर दोन्ही मेले, नंतर कितीही वाट बघा काही होत नाही. घाईने घोळ होतो तो बहुतेक इथेच, थर्मामीटर नसला की हमखास.

झालं की नाही हे कळतं कसं, तर आधी नजरेनेच, घट्ट लापशी अक्षरशः पाणी होते, दांडा मोकळा फिरतो आणि चाखलं तर गोड. पक्की खात्री आयोडीनने. पांढऱ्या बशीत थोडं वरचं पाणी घ्यायचं, त्यात टिंक्चर आयोडीनचा एक थेंब. निळं-काळं झालं तर स्टार्च शिल्लक आहे, आयोडीनचा तपकिरी रंग तसाच राहिला तर काम झालं. कोंड्याचा तुकडा बशीत आला तर तो काळा पडणारच, त्याला फसायचं नाही. तपासलेलं परत गंजात टाकायचं नाही हे सांगायला नको.

जव विदर्भात पिकत नाही, पूजेच्या दुकानात मिळतो पण तो उगवेलच असा भरवसा नाही, माल्टचा जव येतो राजस्थान-हरियाणातून. मग ज्वारीचा माल्ट का नको असं विचारणारे असतात. आफ्रिकेत ज्वारीच्या माल्टवर बिअरची मोठी परंपराच आहे, त्यामुळे होत नाही असं नाही, पण ज्वारीच्या माल्टमध्ये बीटा अमायलेज कमी पडतो, साखर कमी निघते. शिवाय ज्वारीच्या कोंबात सायनाइड तयार करणारा पदार्थ असतो, कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं ते त्यामुळेच, म्हणून तिकडेही कोंब वाळवून चोळून काढून टाकतात. आणि नवरात्रात घटावर गहू-ज्वारी वीतभर वाढते तेवढी वाढवली तर माल्ट म्हणून त्याचा उपयोग संपला, दाण्यातला स्टार्च रोपाने खाल्लेला असतो. कोंब दाण्याच्या लांबीएवढा झाला की थांबायचं.

स्कॉचवाल्यांचा नियम आणखी कडक, बाहेरचे एन्झाइम अजिबात चालत नाहीत, धान्याचे स्वतःचेच पाहिजेत. बर्बनमध्ये तशी सक्ती नाही, बरेच कारखाने विकतचे एन्झाइम वापरतात.

आंबवणं

साखर झालेला मॅश लवकरात लवकर ३० अंशांपर्यंत थंड करायचा कारण ५० ते ३५ च्या मधल्या पट्ट्यात आंबट करणारे जंतू सगळ्यात आधी हात मारतात. मग यीस्ट. यीस्ट एका ग्लुकोजचे दोन अल्कोहोल आणि दोन कार्बन डायऑक्साइड करतं, हिशोबात १८० ग्रॅम साखरेतून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम गॅस, म्हणजे अर्धी साखर हवेतच जाते. सुरुवातीचं घनत्व १.०६० च्या आसपास असलं तर तीन ते पाच दिवसांत ते १.००० पर्यंत उतरतं आणि सात-आठ टक्के अल्कोहोलची आंबट बिअर तयार होते, तिकडे तिला डिस्टिलर्स बिअर म्हणतात, कोंड्यासकट. मोजायला हायड्रोमीटर लागतो, डेअरीतला लॅक्टोमीटर त्याच तत्त्वाचा पण त्याचा पट्टा दुधापुरता, इथे तो पुरत नाही.

पहिल्या दिवशी सगळा कोंडा वर येऊन जाड थर बसतो, त्याच्या भेगांतून फसफस चालू असते, थर फुटतो परत बसतो. गॅस संपत आला की तोच कोंडा हळूहळू तळाला जातो, वर पिवळसर आंबट पाणी राहतं. ड्रम गच्च बंद करायचा नाही हे कोणालाही समजतं, पण खोली बंद ठेवायची नाही हे लोक विसरतात. १०० लिटर मॅशमधून तीन हजार लिटरच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो, तो हवेपेक्षा जड, खाली साचतो, वास नाही. जुन्या पेवात उतरायच्या आधी कंदील सोडून बघायचे ते ह्याच गॅससाठी.

विदर्भातली खरी अडचण ऊन. यीस्ट काम करताना स्वतःही उष्णता काढतं, आणि मे महिन्यात अकोला-चंद्रपुरात बाहेरच ४५ असताना ड्रम ४० च्या पुढे गेला की यीस्ट दमतं, अर्धी साखर तशीच राहते आणि जंतूंचं फावतं. अमेरिकेत बर्बनचं माहेर असलेल्या केंटकी राज्यातही पूर्वी उन्हाळ्यात कारखाने बंद ठेवायची पद्धत होती. हिवाळ्यात उलटं, डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या आसपास आला की आंबणं रेंगाळतं.

पाण्याचं म्हणाल तर केंटकीवाले चुनखडीच्या पाण्याचं फार कौतुक सांगतात. त्यात तथ्य एवढंच की कॅल्शियम अल्फा अमायलेजला टिकायला मदत करतं आणि चुनखडीतून आलेल्या पाण्यात लोह जवळपास नसतं, लोहाने व्हिस्की काळवंडते. चुनखडी आपल्या गडचांदूर-वणी भागातही भरपूर, तिथे तिचं सिमेंट होतं. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं विहिरीचं पाणी मात्र कामाचं नाही, एवढ्या क्षारात यीस्टवर ताण येतो.

सावर मॅश म्हणजे मॅश आंबट व्हायची वाट बघणं नव्हे. आधीच्या घाण्यात गाळून उरलेलं आंबट पाणी पुढच्या मॅशमध्ये थोडं घालतात, त्याने पीएच उतरतो, नको ते जंतू दबतात, आणि प्रत्येक घाणा आधीच्यासारखा निघतो. श्रेय बहुतेक वेळा जेम्स क्रो ह्या स्कॉटिश डॉक्टरला देतात, पण केंटकीच्या कॅथरीन कार्पेंटर नावाच्या बाईने १८१८ मध्येच ही कृती लिहून ठेवलेली आहे, क्रो नंतरचा. त्याने मोजमाप आणि शिस्त आणली एवढं नक्की.

कायदा

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी दारू करणं गुन्हा आहे, आणि गाळायची वाट बघत नाहीत, ड्रममधला सडवा सापडला तरी गुन्हा. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ला लागली, २०२१ ला उठली. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरी बिअर करायला मोकळीक मिळाली, गाळायला नाही. धान्याच्या मॅशमध्ये पेक्टिन फार नसल्याने मिथेनॉल नाममात्रच तयार होतं, विषारी दारूचे बळी सहसा जातात ते कोणीतरी कारखान्याचं मिथेनॉल बाहेरून मिसळल्यामुळे, २०१५ चं मुंबईतल्या मालवणी भागातलं प्रकरण तसंच होतं. पण म्हणून घरच्या भट्टीला सुरक्षित म्हणायची सोय नाही, वाफ पेटते.

उरलेला कोंडा

गाळून झाल्यावर स्टार्च गेलेला, पण प्रोटीन आणि तेल शिल्लक असलेला चोथा उरतो. केंटकीत तो पूर्वीपासून गुरांना जातो. वाळवला की त्याला डीडीजीएस म्हणतात, आणि हे नाव आता विदर्भातल्या शेतकऱ्यालाही माहीत झालंय, कारण इथेनॉलचे कारखाने मक्यावर नेमकं हेच करतात, शिजवायचं, एन्झाइम, यीस्ट, १ टनाला साधारण ३८० ते ४०० लिटर. मक्याला गिऱ्हाईक वाढलं खरं, पण स्वस्त डीडीजीएस कोंबड्यांच्या खाद्यात शिरलं आणि सोयाबीनच्या पेंडेचा भाव दबला, त्यामुळे मका लावणारा खुशीत आणि त्याच्याच धुऱ्याला लागून सोयाबीन लावणारा शिव्या घालतोय अशी परिस्थिती झाली होती.